जोखड उतरल्यावर : पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार आणि ‘स्मृतिचित्रे’

धर्म स्वीकारण्याच्या कथा मराठीत पुष्कळ आहेत, आणि धर्म बदलल्याबद्दल झालेल्या वादांची तर गणतीच नाही. परंतु ज्या धर्मसंस्थेने आधार दिला, तिचाच भार असह्य होऊन मनुष्य तीतून बाहेर पडला म्हणजे पुढे त्याच्या मनाचे काय होते, हा प्रश्न आपल्या टीकाकारांनी फारसा हाती घेतलेला नाही. त्या दृष्टीने दोन ग्रंथ पुन्हा वाचण्याजोगे आहेत. एक, पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार. तो सिस्टर जेराल्डिन यांनी जमविला आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. दुसरा, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. ती १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. पहिला ग्रंथ जखमेचा आहे, दुसरा जखम भरून आल्यानंतरचा. म्हणून दोन्ही एकत्र वाचले असता जे दिसते ते एकेकटे वाचून दिसत नाही.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथील मठात त्यांनी आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. आईबाप दुष्काळात गेलेले, भाऊ गेलेला, पती गेलेला, आणि बरोबर आलेल्या मैत्रिणीने वाँटेज येथेच आत्मघात केलेला. अशा एकाकी स्त्रीस मठाने घर दिले, शिक्षण दिले, माया दिली. सिस्टर जेराल्डिन या तिच्या धर्ममाता झाल्या, आणि रमाबाई त्यांस पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणू लागल्या. हे आधी ध्यानात घेतल्याशिवाय पुढील झगड्याचे मर्म कळावयाचे नाही. जेथे निव्वळ जुलूम असतो तेथून निघणे सोपे असते. जेथे उपकारही असतो तेथून निघताना मनाचा एक भाग मागेच राहतो.

झगडा लवकरच सुरू झाला. त्रैक्याचे मत, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चने ठरवून दिलेली श्रद्धासूत्रे, ही पटल्यावाचून उच्चारावयाची नाहीत असा रमाबाईंचा निश्चय होता. चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्या १८८४ पासून राहत होत्या. तेथे असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही, याचा निर्णय हिंदुस्थानातील बिशपांनी करू पाहिला. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांपुढे संस्कृतात भाषण केले होते, तिला हे रुचणे शक्यच नव्हते. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, अंड्याचा पदार्थ खावा की न खावा, मुलीस कोणते धर्मशिक्षण द्यावे, अशा बारीकसारीक गोष्टींवरूनही पत्रे झडली. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यावर दुसऱ्याचे मानेवर घ्यावयाचे नाही, हा त्यांच्या उत्तरांचा एकंदर आशय आहे.

या पत्रांत आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते ती सिस्टर जेराल्डिन यांची तर्कपद्धती. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांची माया खरी होती. परंतु शिष्येने शंका काढली की त्या शंकेचे उत्तर देण्याऐवजी शंका काढणारीच्या मनात अहंकार शोधावयाचा, हा त्यांचा शिरस्ता. शंकेस एकदा पाप ठरविले म्हणजे उत्तर देण्याची जबाबदारीच उरत नाही, आणि शंका घेणारा आपल्याच बुद्धीस भिऊ लागतो. रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकन मनोवैद्याने १९६१ च्या आपल्या ग्रंथात मनावर सर्वंकष ताबा मिळविणाऱ्या समूहांची जी आठ लक्षणे सांगितली, त्यांत शुद्धतेचा आग्रह, कबुलीजबाबाची सक्ती आणि माणसापेक्षा सिद्धान्तास मोठे मानणे, ही येतात. वाँटेजचा मठ त्या टोकास गेला होता असे आम्ही म्हणत नाही. मात्र रोगाची पहिली चिन्हे कशी दिसतात, हे या पत्रांत जितके स्पष्ट दिसते तितके शास्त्रीय ग्रंथांतही क्वचितच दिसेल.

मग रमाबाई बऱ्या कशाने झाल्या? १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या, तेथे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक लिहिले, आणि १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन काढले. म्हणजे त्यांस प्रथम दुसरे आकाश मिळाले, नंतर स्वतःच्या नावाचे काम मिळाले. त्या ख्रिस्तापासून दूर गेल्या नाहीत. परंतु पुढे त्यांची जी श्रद्धा घडली ती कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत बसणारी नव्हती. आजीबाईंशी असलेला पत्रांचा धागाही त्यांनी तोडला नाही. अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्यात गेली. ज्या ग्रंथाचा अर्थ इतरांनी आपणांस सांगावा हे त्यांस खपले नाही, तो ग्रंथ त्यांनी स्वतः शब्दशः वाचून आपल्या भाषेत लिहिला. मन बरे होण्याची याहून पक्की खूण आम्हांस सुचत नाही.

तथापि येथे एक प्रश्न टाळता येत नाही. केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून सोडवून आणलेल्या शेकडो मुली होत्या. त्यांस अन्न, विद्या आणि धंदा मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु प्रार्थना हाच जेथील दिनक्रमाचा कणा होता, तेथे एखाद्या मुलीस रमाबाईंसारखीच शंका आली असती तर ती कोणास पत्र लिहिणार होती? तिला चेल्टनहॅम नव्हते, अमेरिका नव्हती. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, त्या वादातही मुलींची बाजू मुलींच्या तोंडून ऐकू आली नाही. रमाबाईंच्या थोरवीस या प्रश्नाने बाध येत नाही. पण जोखड उतरविणाऱ्याच्या हातूनही जोखड घडू शकते, ही जाणीव हा पत्रव्यवहार वाचताना सुटता कामा नये.

‘स्मृतिचित्रे’चा सूर निराळा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या, तरी सोवळे लगेच सुटले नाही. ते सुटले ते कोणाच्या आज्ञेने नव्हे, स्वतःशी विचार करून. आणि बाप्तिस्माही त्यांनी आपल्या वेळेस, १९०० मध्ये घेतला. पुढे १९१७ मध्ये टिळकांनीच अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी कल्पना होती. मिशनच्या अधीन राहून हिंदी मनुष्याने ख्रिस्तास भजावे हे त्यांस मान्य नव्हते; त्यांस अभंग आणि कीर्तन हवे होते. दोन वर्षांतच, १९१९ मध्ये, ते निवर्तले.

लक्ष्मीबाई हे सर्व सांगतात ते हसत. त्या टिळकांच्या लहरीपणास हसतात, मिशनरी मंडळीस हसतात, आणि सर्वांत अधिक स्वतःच्या सोवळ्यास हसतात. या विनोदाची स्तुती आजवर पुष्कळ झाली. परंतु त्याचे कार्य काय, हे पुरेसे सांगितले गेले नाही असे आमचे मत आहे. ज्या गोष्टीची भीती वाटते तिला मनुष्य हसू शकत नाही. सोवळ्याला हसणे म्हणजे सोवळ्याचा धाक गेला. साहेबाला हसणे म्हणजे साहेबाचा धाक गेला. आणि हे हसू कडवट नाही. जुन्या घरातील माणसांवरचे प्रेमही त्यात शाबूत आहे. मात्र असे लिहावयास बाईंना साठी ओलांडावी लागली, हेही वाचकांनी विसरू नये. अशा जखमांस काळ लागतो, आणि जो आज बाहेर पडला त्याच्याकडे उद्या विनोदाची मागणी करणे निर्दयपणाचे होईल.

हा विचार केवळ गतकाळाचा नव्हे. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे तेथील सुमारे ६९ टक्के वस्ती आदिवासींची आहे, आणि या पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनी शाळा-दवाखान्यांसह जुने काम केले आहे. मंडळीच्या आधाराने कित्येकांची दारू सुटते, मुले शिकतात; ते कोणी नाकारू नये. परंतु एखादी मंडळी, मग ती कोणत्याही धर्माची असो, माणसाचे लग्न, आजारपण, मैत्री आणि मरण हे सर्व आपल्या मुठीत ठेवू लागली, तर नवापूर किंवा अक्कलकुवा येथील तरुणाने तिला सोडावयाचे म्हणजे काय? त्याची गाणी जातात, रविवार जातो, सुखदुःखाला धावून येणारी माणसे जातात. एका बाजूचे लोक त्याला पतित म्हणतात. दुसऱ्या बाजूचे लोक तो आपल्याकडे परतला म्हणून मिरवणूक काढण्यास टपलेले असतात. त्याच्या मनास काय झाले, हे दोघेही विचारीत नाहीत.

या दुःखास अमेरिकेत मार्लिन विनेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०११ मध्ये एक नाव दिले. त्यास अधिकृत रोगाचा दर्जा नाही. पण नाव मिळाल्याने आपण एकटे नाही एवढे तरी पीडितास कळले. आमच्या या दोन बायकांजवळ असे नाव नव्हते. तरी त्यांच्या लेखनातून जे हाती येते ते स्पष्ट आहे : दोष न काढता ऐकून घेणारे एखादे माणूस, स्वतःच्या कमाईचे काम, आपली भाषा, आणि जुन्या माणसांवर प्रेम ठेवूनही त्यांस ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक. रमाबाईंना हे झगडून मिळवावे लागले; लक्ष्मीबाईंना ते उशिरा लाभले. पुनःप्रवेश किंवा सूड यांपैकी कशाचीही त्यांस गरज पडली नाही.

अशा अनुभवाची पुस्तके मराठीत विरळ आहेत, आणि मावची, भिल्ली वा पावरी बोलणाऱ्यांकडून ती यावयाची तर त्यांस आधी ऐकणारा वाचक हवा. असा वाचक होण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांनी हे दोन ग्रंथ जवळ ठेवावेत. आणि कोणत्या धर्माची सरशी झाली हे शोधण्यासाठी नव्हे, तर एक मनुष्य कसे पुन्हा आपल्या पायांवर उभे राहिले हे पाहण्यासाठी वाचावेत, एवढीच आमची विनंती आहे.