आधी नाव, मग लक्षणं?

परवा लॅबमधून उशिरा निघाले. होस्टेलच्या फाटकापाशी जेवण पोचवायला आलेला एक मुलगा उभा होता. त्याच्याकडे बघून मैत्रीण म्हणाली, "हा कुठे कोणाचा नोकर आहे? मनात आलं तर ॲप चालू, नाहीतर बंद." आमचा वाद रंगला आणि त्या नादात मी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधली व्याख्याच वाचून काढली.

तिचा आशय असा: मालक-कर्मचारी या पारंपरिक नात्याच्या बाहेर काम करून जो कमावतो, तो गिग कामगार. 'पारंपरिक' म्हणजे काय, ते मात्र संहिता सांगत नाही.

मी वनस्पतिशास्त्राची. आमच्याकडे नमुना हातात आला की आधी पानं, फुलं, फळं बघायची आणि मग नाव द्यायचं. इथे उलटं झालंय. हे नातं मालक-कर्मचाऱ्याचं आहे का, हाच तर मूळ प्रश्न. व्याख्येनं त्याचं उत्तर आधीच 'नाही' असं धरून टाकलंय.

खरं तर लक्षणं तपासायची रीत आपल्याकडे जुनी आहे. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयानं सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या प्रकरणात निकाल दिला. तिथल्या शिंप्यांना नगावर पैसे मिळत, येण्या-जाण्याची ठरावीक वेळ नव्हती, दुसरीकडे काम करायची मोकळीक होती. म्हणजे मैत्रिणीचाच मुद्दा! तरी न्यायालयानं त्यांना दुकानाचे कर्मचारी मानलं. मशिनं बहुतेक दुकानाची होती आणि शिलाई पसंत पडली नाही तर ती नाकारून पुन्हा शिवून घ्यायचा अधिकार दुकानदाराकडे होता.

१९ फेब्रुवारी २०२१ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानंही उबरच्या चालकांबाबत कागदावरच्या करारापलीकडे पाहिलं. भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनीच्या, फेऱ्या फार नाकारल्या किंवा रेटिंग घसरलं तर कारवाईही कंपनीच करते. म्हणून ते 'वर्कर' ठरले. तिकडे हा मधला दर्जा आहे, पूर्ण कर्मचाऱ्याचा नव्हे. पण किमान वेतन आणि भरपगारी रजा त्यातून मिळते.

आपल्या संहितेनं काहीच दिलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. कायद्यात या कामगारांची पहिल्यांदा नोंद झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के (कामगारांना देय रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत) निधीत भरायचे आहेत. त्यातून अपघात विमा, आरोग्य, वृद्धापकाळ यांसाठी योजना करता येतील. पण योजना सरकार आखेल तशी मिळते. किमान वेतन, ग्रॅच्युइटी हे हक्क 'कर्मचारी' या शब्दाला जोडलेले आहेत आणि तो शब्दच इथे टाळलाय.

प्रश्न थोडक्यांचा नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साठी ७७ लाख गिग कामगारांचा अंदाज आहे. २०२९-३० पर्यंत तो आकडा २.३५ कोटींवर जाईल असं म्हटलंय. एवढ्या लोकांसाठी व्याख्या करताना लक्षणं लिहायला हवी होती: दर कोण ठरवतं, काम कोण वाटतं, नकाराची शिक्षा कोण देतं. मग ज्याला जे नाव लागू पडेल ते पडेल.

मैत्रिणीला शेवटी एवढंच म्हटलं, "ॲप बंद करायचं बटण त्याच्या हातात आहे, मान्य. पण त्याचं खातं बंद करायचं बटण कोणाच्या हातात आहे, तेही बघ ना."