दमदारपणाचे मापन आणि धावपटूचे हित : क्रीडाविज्ञानातील संशोधनाच्या उपयोजनाची चिकित्सा

प्रस्तावना

लांब पल्ल्याच्या धावण्याविषयी गेल्या शंभर वर्षांत विपुल संशोधन झाले आहे. ए. व्ही. हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1920 च्या दशकात कमाल प्राणवायू ग्रहणक्षमतेची, म्हणजेच व्हीओटू मॅक्सची, संकल्पना मांडली. डॉ. केनेथ कूपर यांनी 1968 मध्ये बारा मिनिटांची धाव चाचणी प्रसिद्ध केली आणि प्रयोगशाळेतील ही संकल्पना मैदानावर आणली. शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांना ही चाचणी सुपरिचित आहे. पूर्वचाचणी, काही आठवड्यांचा प्रशिक्षण कार्यक्रम, उत्तरचाचणी, टी-मूल्य आणि '0.05 स्तरावर सार्थक फरक आढळला' हा निष्कर्ष, असा आराखडा आपल्याकडील शोधनिबंधांत वारंवार दिसतो. अशा संशोधनातून धावपटूच्या हाती नेमके काय पडते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक आकडा आणि तीन घटक

धावपटूची कामगिरी प्रामुख्याने तीन शारीरिक घटकांवर अवलंबून असते, हे आता सर्वमान्य आहे. पहिला घटक म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते. दुसरा म्हणजे त्या क्षमतेचा किती टक्के भाग दीर्घकाळ टिकवता येतो. लॅक्टेट उंबरठ्याची संकल्पना याच्याशी निगडित आहे. तिसरा म्हणजे विशिष्ट वेगाने धावताना किती ऊर्जा खर्च होते, म्हणजेच धावण्यातील काटकसर. मायकेल जॉयनर यांनी 1991 मध्ये याच तीन घटकांच्या आधारे मॅरेथॉनची शरीरशास्त्रीयदृष्ट्या शक्य असलेली सर्वोत्तम वेळ 1 तास 57 मिनिटे 58 सेकंद अशी काढली. त्या वेळी विश्वविक्रम 2 तास 6 मिनिटे 50 सेकंद होता.

जॉयनर यांनी त्या गणितात कमाल प्राणवायू ग्रहणक्षमता दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटाला 84 मिलिलिटर गृहीत धरली होती. पुढे दोन तासांच्या आत मॅरेथॉन धावण्याच्या 2017 मधील उपक्रमासाठी 16 जागतिक दर्जाच्या धावपटूंची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांची सरासरी क्षमता 71 च्या आसपास असल्याचे दिसले. जगातील अव्वल धावपटूंचे वेगळेपण केवळ या एका आकड्यात नव्हते. कॉनली आणि क्राहेनबुल यांच्या 1980 मधील अभ्यासातूनही हेच सूचित झाले होते. जवळजवळ समान प्राणवायू ग्रहणक्षमतेच्या 12 धावपटूंच्या 10 किलोमीटरच्या वेळांतील सुमारे 65 टक्के तफावत धावण्यातील काटकसरीने स्पष्ट होत होती. असे असूनही आपल्याकडील उपयोजन बहुधा पहिल्या घटकापाशीच थांबते.

सूत्रातून निघणारा निष्कर्ष

कूपर चाचणीतील अंतर मीटरमध्ये घेऊन त्यातून 504.9 वजा करावयाचे आणि उरलेल्या संख्येला 44.73 ने भागावयाचे, असे सूत्र प्रचलित आहे. पूर्वचाचणीत 2400 मीटर धावलेल्या विद्यार्थ्याची क्षमता त्यानुसार 42.4 येते, उत्तरचाचणीत तो 2600 मीटर धावला, तर ती 46.8 होते. यावरून प्रशिक्षणामुळे प्राणवायू ग्रहणक्षमता वाढली, असे लिहिले जाते. वस्तुतः वाढले आहे ते अंतर. क्षमतेतील वाढ मोजलेली नसून ती सूत्राने अपरिहार्यपणे दिलेली आहे.

हा आक्षेप केवळ तांत्रिक नाही. पाव्होलाइनेन व सहकाऱ्यांनी फिनलंडमध्ये केलेला आणि 1999 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग येथे बोलका ठरतो. प्रायोगिक गटातील धावपटूंनी नऊ आठवडे आपल्या प्रशिक्षणाचा सुमारे एकतृतीयांश वेळ उड्या, स्प्रिंट व स्फोटक शक्तीच्या व्यायामांना दिला. त्यांची 5 किलोमीटरची वेळ सुधारली. प्राणवायू ग्रहणक्षमता मात्र वाढली नाही. सुधारणा काटकसरीतून आणि स्नायूंच्या शक्तीतून आली होती. याच धावपटूंची तपासणी केवळ धावण्याच्या अंतरावरून केली असती, तर सूत्राने न घडलेल्या बदलाची नोंद केली असती.

कूपर यांनी ही चाचणी अमेरिकन हवाई दलातील 115 पुरुषांवर पडताळली होती. त्या गटात अंतर आणि प्रयोगशाळेतील मोजमाप यांचा सहसंबंध 0.897 इतका उच्च होता. सोपी, बिनखर्चाची आणि एकाच वेळी अनेकांना देता येणारी चाचणी म्हणून तिचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्या गटावरून काढलेले समीकरण महाविद्यालयीन मुलींना, किंवा पहिल्यांदाच घड्याळ लावून धावणाऱ्या विद्यार्थ्याला, जसेच्या तसे लागू होईल असे गृहीत धरता येत नाही. नवखा विद्यार्थी पहिल्या चाचणीत सुरुवातीलाच वेगाने धावून दमतो. दुसऱ्या वेळी वेग राखण्याचे भान त्याला आलेले असते. पूर्वचाचणी जुलैच्या दमट हवेत आणि उत्तरचाचणी डिसेंबरच्या थंडीत झाली, तर हवामानाचाही लाभ त्याला मिळतो. नियंत्रित गट नसेल, तर या सर्वांचे श्रेय प्रशिक्षण कार्यक्रमाच्या खात्यावर जमा होते.

सरासरीच्या आड

दुसरा प्रश्न सरासरीचा आहे. कार्बन पट्टी व जाड तळ असलेल्या बुटांवरील, 2017 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 18 धावपटूंच्या ऊर्जाखर्चात सरासरी 4 टक्के बचत आढळली. व्यक्तिशः ही बचत सुमारे 2 ते 6 टक्के होती. पुढे 2023 मध्ये सात जागतिक दर्जाच्या केनियन धावपटूंवरील अभ्यासात अशा बुटांचा परिणाम 11 टक्क्यांहून अधिक लाभापासून 11 टक्क्यांहून अधिक तोट्यापर्यंत पसरलेला दिसला. सरासरी गटाचे वर्णन करते. शर्यत मात्र प्रत्येकाला स्वतःच्या शरीरानिशी धावावी लागते.

आपल्या संदर्भात या मुद्द्याला अधिक गंभीर बाजू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 15 ते 19 वयोगटातील सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे 54 टक्के होते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. हिमोग्लोबिन 12 ऐवजी 9 ग्रॅम असलेल्या विद्यार्थिनीच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता त्यामुळे एकचतुर्थांशाने कमी असते. तिचे बारा मिनिटांतील अंतर कमी भरले, तर तक्त्यात तिच्यापुढे 'निकृष्ट' अशी श्रेणी लिहिली जाते आणि तिला अधिक सरावाचा सल्ला मिळतो. तिला आधी गरज असते ती रक्ततपासणीची, वैद्यकीय सल्ल्याची आणि लोहयुक्त आहाराची. गटाची सरासरी सुधारली म्हणून यशस्वी ठरलेल्या प्रयोगात अशी विद्यार्थिनी दिसेनाशी होते.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातून ललिता बाबर, बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातून अविनाश साबळे आणि नाशिक जिल्ह्यातील आदिवासी भागातून कविता राऊत पुढे आल्या, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व कळते. अशा भागांतील मुलामुलींच्या वाट्याला प्रयोगशाळा सहसा येत नाही. क्रीडाविज्ञान त्यांना भेटले, तर महाविद्यालयाच्या मैदानावरच भेटते.

उपयोजनाची दिशा

या चिकित्सेतून संशोधन टाकाऊ आहे असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. त्यातील उपयुक्त भाग बहुधा कमी खर्चाचा आहे. एस्तेव्हे-लानाओ व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 12 स्पॅनिश धावपटूंवरील पाच महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 80 टक्के सराव सावकाश गतीने करणाऱ्या गटाची 10.4 किलोमीटरच्या धावेतील सुधारणा, सुमारे 67 टक्के सराव सावकाश करणाऱ्या गटापेक्षा अधिक होती. अभ्यास लहान आहे. तथापि रोज दम लागेपर्यंत धावण्याची जी सवय अनेक मैदानांवर दिसते, तिचा पुनर्विचार करण्यास तो पुरेसा आधार देतो. शक्तिप्रशिक्षणासही यंत्रसामग्री लागत नाही. उड्या आणि चढावरील धाव हाताशी असतात.

संशोधनाच्या मांडणीतही काही बदल सहज शक्य आहेत. निकाल धावलेल्या अंतरात किंवा वेळेत द्यावा. अनुमानित क्षमतेचा उल्लेख 'अनुमानित' असाच करावा. मूळ चाचणी आठवड्याच्या अंतराने दोनदा घेऊन तिच्यातील नैसर्गिक चढउतार आधी नोंदवावा. तापमान व वेळ लिहावी. सरासरीसोबत प्रत्येक धावपटूचा पूर्व व उत्तर निकाल द्यावा. ज्यांच्यात सुधारणा झाली नाही, त्यांची स्वतंत्र चर्चा करावी. मुलींच्या बाबतीत प्रशिक्षणाआधी हिमोग्लोबिन तपासण्याची व्यवस्था करावी आणि अहवाल गोपनीय ठेवावा.

समारोप

क्रीडाविज्ञानाचे उपयोजन म्हणजे परदेशी सूत्रांत देशी आकडे भरणे नव्हे. कामगिरी कोणत्या घटकामुळे अडली आहे, हे त्या धावपटूपुरते शोधणे आणि केलेल्या उपायाने तोच घटक बदलला की नाही, हे तपासणे, असे त्याचे स्वरूप असावयास हवे. त्यासाठी महागड्या उपकरणांपेक्षा नोंदवहीतील प्रामाणिकपणा अधिक आवश्यक आहे. टी-मूल्य सार्थक येणे ही संशोधकाची गरज असू शकते. धावपटूची गरज आपण का मागे पडतो हे कळण्याची असते. या दुसऱ्या गरजेला उत्तर देणारे संशोधनच मैदानाच्या उपयोगी पडेल.