न सरणारी रात्र : एका भावगीताची संहिता आणि तिची दंतकथा

१९७३ साली यवतमाळ येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. गीतकाराला मिळालेला हा सन्मान महत्त्वाचा होता; परंतु लोकप्रिय गीताकडे एक संहिता म्हणून पाहण्याची सवय आपल्या समीक्षेला त्यामुळे फारशी लागली असे म्हणता येत नाही. गीत ‘ऐकायचे’ आणि कविता ‘वाचायची’, ही विभागणी कायम राहिली. समीक्षेने मोकळ्या सोडलेल्या अशा जागेत दंतकथा शिरतात. सुरेश भट (१९३२–२००३) यांची ‘तरुण आहे रात्र अजुनी’ ही गझल याचे ठळक उदाहरण आहे.

हृदयनाथ मंगेशकर यांची संगीतरचना आणि आशा भोसले यांचा स्वर यांमुळे ही गझल भावगीत म्हणून घरोघरी पोचली. तिच्यातील प्रसंग साधा आहे. रात्र उरलेली आहे, प्रियकर कूस बदलून झोपी गेला आहे आणि जागी असलेली स्त्री त्याला प्रश्न विचारते आहे. या प्रसंगाभोवती एक कथा रुजली आहे. रणांगणावर पडलेल्या सैनिकाच्या मृतदेहाशेजारी बसलेल्या पत्नीचे हे उद्गार आहेत, असे ती सांगते. पूर्वी तोंडी आणि आता मोबाइलवरील संदेशांतून ही कथा फिरत असते. ती कोठून आली, यापेक्षा संहिता तिला कितपत आधार देते आणि श्रोत्याला तिची गरज का भासते, हे प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत.

प्रथम रूपबंध पाहू. गालगागा या सात मात्रांच्या गणाची चार आवर्तने, अशी या गझलेची लय आहे. छंदःशास्त्रात तिला व्योमगंगा म्हणतात. या लयीतील अखेरचा गुरू गाळला की देवप्रिया हे वृत्त तयार होते आणि ओळ ठामपणे मिटते. येथे तो गुरू राखलेला असल्यामुळे ओळ दोन दीर्घ स्वरांवर रेंगाळत राहते. शिवाय रदीफ प्रश्नार्थक आहे आणि त्यात जवळिकीचे एकेरी संबोधन आहे. प्रत्येक शेर त्याच प्रश्नाशी येऊन थांबतो. उत्तर येत नाही, म्हणून प्रश्न पुन्हा विचारला जातो. धरून ठेवण्याची कृती आशयाआधी रचनेतच घडते. गझलेत प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असतो, असा दंडक भटांनीच ‘गझलेची बाराखडी’मधून मराठीत रुजवला. या रचनेत मात्र सर्व शेर एकाच प्रसंगाला बांधलेले आहेत. या अखंडतेमुळेच ती भावगीताच्या चौकटीत सहज बसली.

आता क्रियापदे पाहू. निजणे, वळणे, विझणे, मिटणे, कोरडे उरणे अशी ती मालिका आहे. दंतकथेचा सारा भर ‘विझणे’ आणि ‘मिटणे’ यांवर आहे. परंतु कुशीवर वळणे ही जिवंत देहाची क्रिया आहे आणि ती मतल्यातच येते. पुढील सर्व क्रियापदांचा अर्थ तिच्या प्रकाशात ठरतो. ‘विझणे’ हे क्रियापद निवेदिका स्वतःलाही लावते : आकाशातील तारकांचे दीप विझलेले नाहीत आणि तीही विझलेली नाही. तिच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ उत्कटता ओसरणे असा असेल, तर त्याच ओळीत त्याच्या बाबतीत तो मरण असा घेता येत नाही. लाटा आणि कोरडा किनारा या प्रतिमेतही मृत्यू नाही, प्रतिसादाचा अभाव आहे.

या गझलेला परंपरेत आधार शोधायचा तर तो दूर नाही. हालाच्या गाथासप्तशतीतील पहिल्या शतकात एक नायिका झोपेचे सोंग घेतलेल्या प्रियकराशी बोलते. चुंबनाने त्याच्या गालावर उठलेले रोमांच त्याचे सोंग उघडे पाडतात. तेथे देहाने उत्तर दिले आहे. भटांच्या नायिकेला तेवढेही उत्तर मिळत नाही. भरताच्या अष्टनायिकांपैकी एकीतही ती नीट बसत नाही : प्रियकर जवळ आहे, म्हणून ती विरहोत्कंठिता नाही, भांडण झालेले नाही, म्हणून कलहांतरिता नाही, तो तिच्या अधीन नाही, म्हणून स्वाधीनभर्तृकाही नाही. हातभर अंतरावरचा हा विप्रलंभ आहे. या गझलेचे नवेपण येथे आहे आणि दंतकथा नेमके तेच पुसून टाकते.

मृत्यूच लिहायचा असता तर वाट मोकळी होती. मेल्यानंतरही बोलत राहणारा आशिक हा उर्दू शायरीचा रूढ संकेत आहे. यवतमाळचे वकील वा. वा. तथा भाऊसाहेब पाटणकर (१९०८–१९९७) यांनी तो मराठी शायरीत मुरवला. मरण आणि चिता यांच्याशी त्यांची शायरी खुशाल थट्टा करते. तेथे प्रेमाचा हट्ट स्मशानापर्यंत जातो आणि मैफल हसून दाद देते. म्हणजे वैदर्भीय कवीला आणि रसिकाला हा संकेत अपरिचित नव्हता. असे असताना भटांच्या गझलेत मृत्यूची एकही उघड खूण नाही, याला अर्थ आहे.

मग दंतकथा कशासाठी? माझ्या मते, स्त्रीने उघडपणे मागितलेले शरीरसुख आपल्या सुसंस्कृत श्रोत्याला अडचणीचे वाटते. लावणीत ते चालते, कारण तेथे बोलणारी स्त्री ‘घरातली’ नसते, असा बचाव उपलब्ध असतो. भावगीत मात्र दिवाणखान्यात ऐकले जाते. तेथे ही मागणी क्षम्य ठरण्यासाठी नायिकेला विधवा करावे लागते. शोकाच्या पांढऱ्या वस्त्राखाली कामना झाकली जाते. निषेधाऐवजी करुणेने केलेली ही अभ्यवेक्षणा आहे आणि म्हणूनच ती सहसा लक्षात येत नाही.

यात दुसराही अन्याय आहे. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळलाच, अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली, पुन्हा संमेलन भरले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी वैशाली येडे यांनी त्याचे उद्घाटन केले. मागे राहिलेल्या बाईचे जगणे कसे असते, हे त्या व्यासपीठावरून तिने स्वतः सांगितले. त्या अनुभवाला स्वतःची भाषा आहे आणि त्या भाषेत घर, शेती, कर्ज व मुले आहेत. दुसऱ्या एका स्त्रीची इच्छा शोभिवंत करण्यासाठी तो अनुभव उसना घेणे म्हणजे दोघींचेही बोलणे काढून घेणे होय.

अर्थात, श्रोत्याला अर्थ लावण्याचा अधिकार आहे. ज्या कोणा स्त्रीने आपल्या दुःखात ही गझल ऐकली असेल आणि तिला तीत मरण दिसले असेल, तिचे ऐकणे खोटे ठरत नाही. परंतु स्वतःच्या दुःखातून लावलेला अर्थ आणि ‘कवीने हे खरे तर यासाठीच लिहिले’ असा दावा, यांत भेद आहे. पहिला संहितेला जोडून घेतो, दुसरा तिला बंद करतो. आणि ही गझल तर बंद व्हायलाच नकार देते. तिच्या शेवटीही प्रश्नच उरतो.