फाटकाबाहेरची खोली

नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात भाड्याने खोली हवी असेल तर घरमालक आधारकार्ड मागतो, डिपॉझिट मागतो आणि पोलीस ठाण्यात द्यायचा भाडेकरूचा फॉर्म पुढे करतो. नोकरीसाठी गावाहून आलेल्याला तो फॉर्म जड जात नाही. तुरुंगातून सुटून आलेल्याचं पाऊल मात्र तिथेच अडतं. तो चित्रकार असो, मूर्तिकार असो की शाहीर, त्याच्या कलेचं पुढे काय होणार हे बरंचसं त्या एका कागदावर ठरतं. कलादालनांच्या वर्तुळात ‘रेसिडेन्सी’ हा शब्द आता रुळला आहे: काही महिने राहायला जागा, कामाला जागा, हातखर्चाला पैसे. ज्याला या तिन्हींची सर्वांत जास्त निकड आहे, त्याच्यासाठी राखून ठेवलेली अशी एकही जागा आपल्याकडे माझ्या पाहण्यात नाही.

तुरुंगात जन्मलेल्या साहित्याचं मराठीला अप्रूप आहे. मंडालेचं ‘गीतारहस्य’, धुळ्याच्या तुरुंगातली विनोबांची गीताप्रवचनं, नाशिकला 1933 साली लिहिलेली ‘श्यामची आई’ ही नावं घराघरांत आहेत. आजही फाटकाच्या आत कलेला वाव मिळतो. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात कैदी गणेशमूर्ती घडवतात आणि त्या बाहेर विकल्या जातात. मूर्ती घरोघर पोचते, पण घडवणाऱ्याचं नाव कुठेच लागत नाही. सुटताना त्याच्याकडे हातातलं कसब असतं, दाखवायला काम नसतं. रेसिडेन्सीच्या अर्जात तर पहिली मागणी असते ती आजवरच्या कामाच्या छायाचित्रांची.

याचं उत्तर आपल्याच मातीत एकदा सापडलं होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. औंधचं चित्रसंग्रहालय त्यांनीच उभारलं आणि 1939 साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहतही त्यांच्याच संस्थानात सुरू झाली. अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची प्रेरणा तिच्यामागे होती. तिथे कैद्याने भिंतीविना, कुटुंबासह राहावं, शेती करावी. त्याच तालुक्यातल्या शेटफळ्याला जन्मलेल्या गदिमांच्या, या वसाहतीवर बेतलेल्या कथेवरून शांतारामबापूंनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि तो बर्लिनपर्यंत गाजला. चित्रपट आपण डोक्यावर घेतला. माणसावर विश्वास टाकून त्याला आधी जागा द्यायची, ही त्यामागची रीत मात्र शेतीपुरतीच राहिली. संग्रहालय आणि वसाहत एकाच माणसाच्या मनात शेजारी शेजारी होती, हे कलेच्या इतिहासात कुणी ठळकपणे मांडायला हवं.

अलीकडची उदाहरणं वेगळ्या वाटेने जातात. कबीर कला मंच या सांस्कृतिक गटाचे शाहीर शीतल साठे आणि सचिन माळी 2 एप्रिल 2013 रोजी विधानभवनाबाहेर स्वतःहून पोलिसांसमोर हजर झाले. शीतल यांना त्याच वर्षी जामीन मिळाला, सचिन यांना जानेवारी 2017 मध्ये. पुढे त्यांचा ‘नवयान महाजलसा’ हा गायनसंच उभा राहिला. कार्यकर्ते अरुण फरेरा यांची पहिल्या अटकेनंतर जवळजवळ पाच वर्षं तुरुंगात गेली. तिथल्या दिवसांवरचं त्यांचं पुस्तक 2014 साली आलं, आणि त्यातली रेखाटनं बराकीतली गर्दी शब्दांपेक्षा जास्त जवळून दाखवतात. या कलावंतांच्या मागे चळवळ होती, श्रोते होते, प्रकाशक होते. चोरीमारीच्या गुन्ह्यात आत गेलेला आणि तिथे पहिल्यांदा ब्रश धरलेला पोरगा बाहेर येतो तेव्हा त्याच्यामागे कोण असतं? देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. सुटला तरी कोर्टाची तारीख सुटत नाही, कित्येकांना पोलीस ठाण्यात हजेरीही लावावी लागते. तारखेला जायची मोकळीक नियमातच लिहून न ठेवणारी रेसिडेन्सी त्याच्या काय कामाची?

अमेरिकेत कैदेत असताना चित्रकार जेसी क्राइम्स यांनी तुरुंगातल्या 39 चादरींवर एक अजस्र चित्र केलं. केसांना लावायचं जेल चोपडून वर्तमानपत्रातली छायाचित्रं चमच्याने घासून कापडावर उतरवायची, मग रंगीत पेन्सिलींनी ती जोडत जायची. एकेक चादर टपालाने बाहेर गेली आणि सगळं चित्र एकत्र त्यांनी पाहिलं ते सुटल्यावरच. त्यांनी आणि रसेल क्रेग यांनी 2017 साली सुटून आलेल्या कलावंतांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. काय लागतं हे भोगलेल्यांनीच ठरवलं, म्हणून मला ती मोलाची वाटते.

आपल्याकडे पैशाची वाट अगदीच बंद नाही. 1 मे 2022 रोजी राज्य सहकारी बँकेने येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू केली आणि कैद्याला 50 हजारांपर्यंत कर्ज मिळू लागलं. आत असताना कर्ज देता येतं, तर सुटल्यावर रंग, माती आणि खोलीभाडं यांसाठी का देता येऊ नये?

आचोळ्याहून रेल्वेलाइन ओलांडली की सोपारा. तिथे अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले. त्याच मालिकेतल्या पाचव्या लेखात धम्ममहामात्रांना कैद्यांना आधार द्यायचं, लेकुरवाळ्यांना आणि म्हाताऱ्यांना सोडवायचं काम नेमून दिलेलं आहे. ते काम आज इथल्या गणपतीच्या कारखान्यांतून सुरू होऊ शकेल, असं मला मनापासून वाटतं. दसरा उलटला की मांडव शांत होतात. साचे, माती, छप्पर सगळं जागेवर असतं. भाडेकरूच्या फॉर्मवर ओळख म्हणून सही करणारा एखादा जुना मूर्तिकार आणि वर्षाच्या भाड्याची तजवीज, एवढ्यावर सुरुवात होईल. वर्ष म्हणते तेही कमीत कमी. कारखान्यात नवा हात आधी माती मळतो, मग मूर्तीची सफाई करतो, मग अंगाचा रंग. डोळ्यांची आखणी थोरल्या कारागिराकडे असते, आणि तो ब्रश नव्या हातात यायला दोन-तीन हंगाम जातात.