अनवाणी पायांची कथा आणि भारतीय फुटबॉलची संघटना : एक चिकित्सा

प्रस्तावना :

भारतीय फुटबॉलविषयीच्या लेखनात एक कथा हमखास आढळते. १९५० मध्ये ब्राझील येथे झालेल्या विश्वचषकासाठी भारत पात्र ठरला होता. परंतु आपले खेळाडू अनवाणी खेळत आणि फिफाने त्यास मनाई केली, म्हणून संघ जाऊ शकला नाही, अशी ही कथा आहे. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आली आहे. बोरिया मजुमदार आणि कौशिक बंडोपाध्याय यांचा 'गोललेस' (२००६) आणि नोव्ही कपाडिया यांचा 'बेअरफूट टू बूट्स' (२०१७) यांसारख्या ग्रंथांनी या इतिहासाची साक्षेपी मांडणी केली, तरीही लोकमानसातील कथेला धक्का लागलेला नाही. कथा खोटी आहे हे सिद्ध करणे फारसे अवघड नाही. ती टिकून का राहिली, हा खरा प्रश्न आहे. दोष खेळाडूच्या पायांवर टाकून खेळाच्या संघटकांना ती अलगद मोकळे सोडते, हे तिच्या दीर्घायुष्याचे कारण असावे असे दिसते.

१९५० चा निर्णय :

आशियाई गटातील ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपीन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारताला एकही पात्रता सामना न खेळता प्रवेश मिळाला. प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलण्याची तयारी यजमानांनी दाखविली होती. तरीही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने संघ पाठविला नाही. लांबचा सागरी प्रवास, सरावास अपुरा वेळ आणि संघनिवडीतील मतभेद ही कारणे त्या वेळी पुढे आली. या सर्वांच्या मुळाशी एक दृष्टिकोन होता. महासंघाच्या लेखी ऑलिंपिक हेच सर्वोच्च व्यासपीठ होते आणि विश्वचषकाचे मोल त्याला उमगले नव्हते. त्या काळचे कर्णधार सैलेन मन्ना यांनीही नंतर याच आशयाची कबुली दिली आहे.

अनवाणी खेळणे हाच अडसर असता, तर बूट विकत घेणे ही काही अशक्य गोष्ट नव्हती. उलट १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्येही भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाकडून १-१० असा पराभव झाल्यानंतरच महासंघाने बूट सक्तीचे केले. बुटांइतकीच महत्त्वाची, परंतु क्वचितच उल्लेखिली जाणारी बाब म्हणजे सामन्याचा कालावधी. जगात ९० मिनिटांचा खेळ रूढ असताना स्वातंत्र्योत्तर काळातही आपले देशांतर्गत सामने ७० मिनिटांचेच असत. अखेरच्या वीस मिनिटांत आपले खेळाडू का थकतात, याचे उत्तर त्यांच्या पायांत नव्हते. ते नियम ठरविणाऱ्यांकडे होते. या नियमाची मात्र दंतकथा झाली नाही.

चषकांची परंपरा :

भारतात या खेळाची घडण लष्करी छावण्या आणि वसाहतकालीन शहरे यांमधून झाली. सिमल्याचा ड्युरँड चषक (१८८८), मुंबईचा रोव्हर्स चषक (१८९१) आणि कलकत्त्याची आयएफए शील्ड (१८९३) या तिन्ही स्पर्धा बाद पद्धतीच्या होत्या. त्यांचे स्वरूप उत्सवाचे होते. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून शील्ड जिंकली, तो दिवस राष्ट्रीय अस्मितेच्या इतिहासात नोंदला गेला, हे यथार्थच आहे. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ पासून सलग पाच वर्षे कलकत्ता साखळी जिंकली आणि १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स हा रोव्हर्स जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. परंतु या विजयांनी घडविलेली स्मृती विशिष्ट शहरांची, विशिष्ट मैदानांची आणि एखाद्या दुपारची होती. वर्षभर चालणारी, शहराला शहराशी जोडणारी रचना त्यातून निर्माण झाली नाही.

बंगालची आयएफए आणि इतर प्रांतिक संघटना यांच्यातील वर्चस्वाच्या वादातून १९३७ मध्ये महासंघ जन्मास आला. प्रांतांचा समतोल राखणे हे त्याचे जन्मकार्य होते, आणि तीच त्याची मर्यादाही ठरली. १९४१ मध्ये सुरू झालेली संतोष करंडक स्पर्धा प्रांतांमध्ये खेळविली गेली. क्लबांची राष्ट्रीय साखळी मात्र १९९६ पर्यंत अस्तित्वात आली नाही. स्थापनेपासून जवळजवळ साठ वर्षे ही उणीव सहन केली गेली, यास केवळ आर्थिक अडचण म्हणणे पटण्यासारखे नाही.

सुवर्णकाळाचे गणित :

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. रचना इतकी सदोष होती, तर १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथे स्थान कसे मिळाले? या यशाचे मोल कमी नाही. परंतु हंगेरीच्या माघारीमुळे मेलबर्नमध्ये उपांत्य फेरी गाठण्यासाठी भारताला एकच सामना जिंकावा लागला होता, हेही नमूद करणे आवश्यक ठरते. तो सामना यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध होता. भारताने तो ४-२ असा जिंकला आणि मूळचे गोव्याचे, मुंबईत टाटा संघाकडून खेळणारे नेव्हिल डिसूझा यांनी त्यात तीन गोल केले. त्यानंतर मात्र युगोस्लाव्हिया आणि बल्गेरिया यांच्याकडून पराभव पत्करावा लागला.

या कालखंडामागे प्रामुख्याने एक व्यक्ती उभी होती. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांनी घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला. डावपेचांचा अभ्यास, तंदुरुस्ती आणि खेळाडूची जागा बदलण्याचे धाडस ही रहीम यांची वैशिष्ट्ये होत. जाकार्तात १९६२ च्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे नमविताना त्यांनी डोक्याला दुखापत झालेल्या बचावपटू जर्नेलसिंगला आघाडीवर खेळविले आणि त्याने गोलही केला. कर्करोगाने ग्रस्त असलेले रहीम जून १९६३ मध्ये निवर्तले. त्यांची पद्धती पुढे नेणारी प्रशिक्षकांची कोणतीही शाळा महासंघाने उभारलेली नव्हती. १९६४ च्या आशिया चषकातील उपविजेतेपद आणि १९७० मधील आशियाई कांस्यपदक ही त्या संचिताची अखेरची आवर्तने म्हणता येतील.

जाकार्तातील त्याच स्पर्धेत भारताने जपानला २-० असे हरविले होते. जपानने १९६५ मध्ये राष्ट्रीय साखळी सुरू केली आणि १९६८ मध्ये ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले. जपानी खेळाडू त्या काळी कंपन्यांचे नोकरच होते. आपलेही खेळाडू रेल्वे, बँका, पोलीस खाते आणि टाटा, महिंद्रसारख्या उद्योगांचे नोकर होते. भेद होता तो त्या नोकरदार संघांना एका सूत्रात गुंफण्याचा.

शिडीविना पाया :

१९९६-९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि २००७-०८ मध्ये आय-लीग सुरू झाली, तेव्हा ही उणीव भरून निघेल असे वाटले. २००६-०७ ते २०१२-१३ ही सलग सात विजेतेपदे धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या गोमंतकीय क्लबांनी पटकाविली. १९६१ नंतर भारतीय फुटबॉलमध्ये आलेल्या एका चिमुकल्या प्रदेशाने कलकत्त्याच्या मक्तेदारीस दिलेला हा शह होता. परंतु २०१० मध्ये महासंघाने खेळाचे व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी सुमारे ७०० कोटी रुपयांना एका खासगी समूहास दिले. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग उभी राहिली. ठराविक मालकांच्या संघांची ती बंदिस्त स्पर्धा होती. तळाचा संघ खाली जाण्याची वा खालचा विजेता वर येण्याची तीत सोय नव्हती. हीच स्पर्धा सर्वोच्च ठरणार असे दिसताच २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. त्यांच्या रिक्त जागेमुळे तळाला गेलेल्या मिझोरामच्या आयझॉल क्लबला परत घेण्यात आले आणि पुढच्याच हंगामात तो विजेता ठरला. वर-खाली जाण्याची वाट मोकळी असल्यास काय घडू शकते, याचे याहून बोलके उदाहरण नाही. आणि तेही योगायोगाने घडले! खालच्या विजेत्यास वर येण्याची तरतूद प्रत्यक्षात २०२३ मध्ये पंजाब एफसीच्या रूपाने अमलात आली.

कोल्हापूरचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ छत्रपती शाहू स्टेडियमवर खेळतात, तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. या शहरात फुटबॉल कुस्तीच्या आखाड्याशेजारीच वाढला आणि त्याला आश्रय मिळाला तो तालमींचा व लोकांचा. येथील अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. परंतु खेळाडूला पुढे जाण्यासाठी शहर सोडावे लागते. त्याच्या तालमीचा संघ मात्र आय-लीग वा सुपर लीगपर्यंत कधीही पोचलेला नाही. पाया आहे, प्रेक्षक आहेत, शिडी नाही. 'भारतात फुटबॉल रुजला नाही' हे विधान करणाऱ्यांनी एकदा पेठांतील हंगाम पाहावा.

महासंघाच्या अध्यक्षपदाचा इतिहासही याच अंगाने पाहता येतो. प्रियरंजन दासमुन्शी १९८८ ते २००८ आणि प्रफुल्ल पटेल २००८ ते २०२२ या काळात त्या पदावर होते. चौतीस वर्षांत दोन अध्यक्ष, आणि दोघेही राजकारणातील. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली. ऑगस्टमध्ये फिफाने बाह्य हस्तक्षेपाच्या कारणावरून महासंघास निलंबित केले आणि काही दिवसांतच ते निलंबन मागे घेतले. महासंघाची नवी घटना न्यायालयाच्या मान्यतेने सप्टेंबर २०२५ मध्ये निश्चित झाली. त्याच वर्षी डिसेंबरात १५ वर्षांचा व्यापारी करार संपला. करार संपण्यापूर्वी महासंघाने काढलेल्या निविदेस एकही बोली आली नाही आणि सुपर लीगचा २०२५-२६ चा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही. त्या हंगामासाठी करारबद्ध झालेले खेळाडू बूट घालून तयार होते.