साडेचार मिलिमीटरांत मावलेला सरडा

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर उन्हाळ्यात एक सरडा जांभ्याच्या उंचशा दगडावर चढतो, मान ताणतो आणि गळ्याखालची घडी उलगडतो. निळा, काळा, नारिंगी. मादीला भुलवायला आणि शेजारच्या नराला बजावायला हा पंखा क्षणभर फुलतो आणि मिटतो. ‘सारडा सुपर्बा’ हे त्याचं शास्त्रीय नाव २०१६ साली ठेवलं गेलं. त्यानंतर या पंख्याची इतकी छायाचित्रं निघाली की नुसत्या रंगांनी भारावून जाण्याचे दिवस आता सरले. असं चित्र समोर आलं की मी आधी एवढंच शोधतो, की फोकसची पातळी सरड्याच्या अंगातून नेमकी कुठून गेली आहे.

त्यातलं एक जमलेलं चित्र बघू. सरडा अगदी बाजूने दिसतो. डोळ्याभोवतीचे खवले एकेक मोजता येतील इतके रेखीव आहेत. पंख्याची कड पात्यासारखी उतरली आहे. आपल्याकडचा पुढचा पाय मात्र पंजापाशी मऊ झालाय, शेपूट दोन बोटांनंतर विरघळलीय आणि मागे पवनचक्कीचा खांब म्हणजे फक्त एक पांढुरका उभा पट्टा उरलाय. वरवर पाहता यात ‘शार्प’ भाग थोडाच आहे. तरी चित्र कमालीचं शार्प वाटतं, कारण जे रेखीव हवं होतं तेवढंच रेखीव आहे.

अशी चित्रं बहुधा मॅक्रो लेन्सने काढलेली नसतात. त्या लेन्सने सरडा चौकटीत एवढा मोठा टिपायचा तर त्याच्या फार जवळ जावं लागतं आणि तोवर तो दगडाच्या फटीत शिरलेला असतो. म्हणून हाती येते टेलिफोटो झूम. कॅननची १००-४०० एमएम घ्या. १९९८ची पहिली आवृत्ती १.८ मीटरच्या अलीकडे फोकस करत नव्हती. २०१४च्या दुसऱ्या आवृत्तीने हे अंतर ९८ सेंटिमीटरवर आणलं आणि दूरच्या पक्ष्यांसाठी घेतलेली लेन्स सरडे-फुलपाखरांच्या कामाची झाली. हे अंतर लेन्सच्या काचेपासून नव्हे, कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून मोजतात. त्यामुळे काच आणि सरडा यांच्यात प्रत्यक्षात बरीच कमी जागा उरते. या लेन्सवर फोकसची हद्द ठरवणारं एक बटण असतं. ते ‘३ मीटर ते अनंत’वर राहिलं, तर समोरचा सरडा कितीही शांत बसला तरी लेन्स त्याच्यावर स्थिरावणारच नाही.

जवळात जवळच्या या अंतरावर लेन्सची एक गंमत आहे. साध्या भिंगाचा नियम असा, की वस्तू आणि तिची प्रतिमा यांच्यात निदान चार नाभीय अंतरं हवीत. ४०० मिलिमीटरच्या भिंगाला त्या हिशेबाने १.६ मीटर लागतील. मग ही लेन्स मीटरभरातून स्पष्ट कसं पाहते? जवळ फोकस करताना आतली भिंगं अशी सरकतात की लेन्सचं नाभीय अंतरच आखडतं. या लेन्सने जवळात जवळ सेन्सरवर वस्तूची ०.३१ पट प्रतिमा पडते. साध्या सूत्रात तो आकडा घातला तर उत्तर १८० मिलिमीटरच्या आसपास येतं. नळीवर ४०० लिहिलेलं असतं, काम साधारण १८०चं चालतं. रसिकाने याची तक्रार करू नये. लेन्सने लांबी सोडली, म्हणूनच हे अंतर तिला पेललं.

०.३१ पट म्हणजे फुलफ्रेम कॅमेऱ्याच्या चौकटीत जेमतेम ११६ बाय ७७ मिलिमीटरची जागा मावते. नीलवंत हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू पंख पसरून बसलं तर त्यात मावणारही नाही. आणि या जागेत, अपर्चर एफ/५.६ ठेवलं तर, रेखीव दिसणारी खोली किती? नेहमीच्या हिशेबाने साधारण साडेचार मिलिमीटर. सरड्याच्या शरीरातून आरपार गेलेली एक जाड काच कल्पावी. त्या काचेत जे सापडलं ते स्पष्ट, बाकी सगळं धूसर होत जाणारं.

आता पुन्हा चित्राकडे. पंखा गळ्याच्या मधोमध, शरीराच्या मध्यरेषेवर लोंबतो. डोळा मात्र डोक्याच्या बाजूला, म्हणजे मध्यरेषेपासून डोक्याच्या निम्म्या रुंदीइतका आपल्या जवळ. डोळा आणि पंखा कागदावर एकमेकांना खेटून दिसतात, पण खोलीत त्यांच्यामध्ये काही मिलिमीटरची फट असते. एफ/५.६च्या साडेचार मिलिमीटरांतला अर्धाच भाग फोकसच्या मागे पडतो, म्हणून डोळ्यावर फोकस केला की पंखा हातचा जाऊ शकतो. पंख्यावर केला तर डोळा मंदावतो, आणि डोळा मंदावलेला प्राणी आपल्याला आवडत नाही. अपर्चर एफ/८ केलं की खोली साडेसहा मिलिमीटरपर्यंत जाते, एफ/११ला नऊपर्यंत. पण जवळच्या अंतरावर लेन्स प्रत्यक्षात आणखी बारीक झाल्यासारखी वागते. एफ/११ साधारण एफ/१४ ठरतं आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे खवल्यांची धार किंचित बोथट होऊ लागते. आपल्या चित्रात डोळा आणि पंख्याची कड दोन्ही जमलेत आणि खवलेही धारदार आहेत. याचा अर्थ अपर्चर मधलं आहे आणि फोकस डोळ्याच्या बाहुलीवर न ठेवता किंचित मागे, डोळा आणि पंखा यांच्या मधोमध सोडलेला आहे. हा खरा निर्णय. कॅमेऱ्याची डोळा शोधणारी यंत्रणा तो घेत नाही. तिचं लक्ष डोळ्यापुरतं.

दुसरा निर्णय कोनाचा. साडेचार मिलिमीटरांची ती काच सेन्सरला समांतर असते, ती वाकवता येत नाही. मग सरड्याच्या मध्यरेषेलाच सेन्सरशी समांतर यावं लागतं. सरडा काही आपल्यासाठी वळणार नाही, म्हणून छायाचित्रकार रांगत बाजूला सरकतो. सरड्याने मान थोडी जरी आपल्याकडे वळवली तरी पंख्याचं पुढचं टोक एका खोलीवर, मागचं दुसऱ्या खोलीवर जातं आणि निम्मा पंखा हरवतो. पंख्यातला निळा चकाकणारा आहे, पाहण्याच्या कोनाप्रमाणे त्याची झळाळी बदलते. त्यामुळे कोन चुकला की रेखीवपणाबरोबर रंगही निसटायला लागतो.

उरतो हाताचा प्रश्न. कॅमेरा जागच्या जागी डुलला, तर लेन्समधलं स्टॅबिलायझेशन ते सावरतं. पण जवळच्या अंतरावर कॅमेऱ्याचं वर-खाली, बाजूला सरकणंही महागात पडतं आणि ते बहुतेक झूम लेन्सना सावरता येत नाही. पुढे-मागे झुकण्याला तर काहीच इलाज नाही. श्वासाबरोबर छाती दोन मिलिमीटर पुढे आली की काच डोळ्यावरून सरकली. म्हणून कोपरं जांभ्यावर टेकवलेली, लेन्सखाली वाळूची किंवा धान्याची पिशवी, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं आणि फोकस सतत चालू ठेवून ओळीने काही फ्रेम. त्यातली एखादीच त्या काचेच्या आत पडते. झूम आधी ठरवून मग फोकस करणं हेही याच शिस्तीतलं, कारण अनेक झूम लेन्समध्ये नाभीय अंतर बदललं की फोकस हलतो.

एवढं सगळं जुळलं तरी शेवटी सरड्याने मीटर-दीड मीटर जवळ येऊ द्यायला हवं. ते त्याने का येऊ दिलं, याचं उत्तर त्या मागच्या पांढुरक्या पट्ट्यात आहे. संशोधक मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी या सड्यावर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी फार कमी येतात, त्यामुळे तिथे सरडे वाढले आहेत आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नाहीत. पण दाटी वाढल्याने तिथले सरडे अंगाने कृश आढळले आणि नरांच्या गळ्यावरचे रंगही फिके. जिथे लेन्सला जवळीक सहज मिळते, तिथे पंखा थोडा उणा आहे.

म्हणून या चित्रातला निळा किंचित दबलेला आहे, तो मला दोष वाटत नाही. संगणकावर रंग चढवून तो भडक करणं सोपं होतं. छायाचित्रकाराने तो तसाच ठेवला आणि पवनचक्कीचा खांबही चौकटीबाहेर ढकलला नाही. मिलिमीटरात मोजून फोकस ठेवणाऱ्या हाताकडून रंगाच्या बाबतीतही हीच काटेकोर वागणूक अपेक्षित असते, आणि या चित्राला मी पहिल्या रांगेत बसवतो ते त्यासाठी.