गिटार आणि बॅले

नावात शब्बाथ असला तरी 'ब्लॅक सॅबथ' हा बर्मिंगहॅमचा रॉक बँड. बर्मिंगहॅम रॉयल बॅलेने सप्टेंबर २०२३ मध्ये हिप्पोड्रोममध्ये त्याच्या संगीतावर बॅले रंगविला. अंक तीन, नृत्यरचनाकारही तीन.

गिटारवादक टोनी आयॉमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तरुणपणी कारखान्यात तुटली. त्यांनी प्लास्टिकची टोपणे बसविली, पुढे तारा सैल केल्या. त्यातून तो जड सूर आला. रंगमंचावर गिटारवादक नर्तकांत मिसळतो, तेव्हा ते वजन आम्हांला पावलांतही जाणवले.

दुसऱ्या अंकात मात्र ध्वनिमुद्रित आठवणी बोलतात आणि नाच नुसती साथ करतो. आपल्या कीर्तनात निरूपण थांबते, तेव्हा पद कथा पुढे नेते. तेवढा विश्वास येथे नाचावर हवा होता. तरी पुन्हा लागल्यास अवश्य पाहावा, असेच आम्ही सांगू.